वाटीभर साखर

आमच्या सावली गावात सगळ्यात जास्त लग्नं कोणी मोडली असतील, तर ती माझ्या चुलतबहिणीने. हुंडा मागणाऱ्यांना आणि भर मांडवात दारू पिऊन येणाऱ्या मामांना मिळून जेवढी मोडता आली नाहीत, तेवढी हिने एका स्टीलच्या वाटीच्या जोरावर मोडली. गल्लीत कुणाकडे मुलगी पाहायला पाहुणे आले आणि पोह्यांच्या फोडणीचा वास सुटला, की ताई रिकामी वाटी घेऊन दारात हजर. "काकू, जराशी साखर द्या न." साखर बाजूलाच राहायची. ती पाहुण्यांत बसकण मारायची, पोह्यांची बशी पुढे ओढायची, मुलाच्या नोकरीचं तोंडभर कौतुक करायची आणि पहिला घास गिळून विचारायची, "बाकी सब ठीक हाय. भाऊचं कार्ड कोणतं हाय?"

कार्ड म्हणजे सिकलसेलच्या तपासणीचं. आमच्यात पत्रिका कोणी पाहत नाही, पण कार्डही कोणी पाहत नव्हतं. पांढरं असलं की चिंता नाही. पिवळं म्हणजे दोष रक्तात आहे, पण स्वतःला त्रास नाही. मात्र नवरा-बायको दोघंही पिवळे निघाले, तर लेकराच्या वाट्याला लाल येऊ शकतं. लाल म्हणजे आजार. ताईचं लाल होतं. लपवायचं सोडून तिने ते लॅमिनेट करून गळ्यात घातलं होतं आणि एखाद्या कलेक्टरच्या थाटात ती ते बसमध्ये, रेशनच्या रांगेत, कुठेही पुढे करायची. समोरच्या घरच्या काकूंच्या पोरीची सोयरीक तिच्या या प्रश्नापायी मोडली, तेव्हा काकू भर रस्त्यात कडाडल्या, "तुझ्या मायबापाले असं कोणी विचारलं असतं, तं तू जन्मलीच नसती!" ताई खो खो हसली. "तं तुमचे पोहे वाचले असते न काकू!" तेव्हापासून काकू पाहुणे आले की दाराला आतून कडी लावून घेत.

दुखणं उठलं की तिचे सांधे असे ठणकायचे की चादरीचा स्पर्श सोसायचा नाही. डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. मग गडचिरोलीचा दवाखाना आणि रक्ताची पिशवी. तिथेही हिचं तोंड बंद नाही. "सिस्टर, यावेळी कोण्या नाचणाऱ्याचं रक्त द्या. मागच्या वेळचं मास्तरचं होतं वाटते, नुसती झोप येऊन राह्यली होती." मी मास्तर आहे, म्हणून हे ती माझ्याकडे बघत बोलायची. आणि घरी आली की दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी वरातीत सगळ्यांच्या पुढे! मी रागावलो, तर म्हणे, "अरे, नवं रक्त भरलं हाय. चालते का नाई, पाहून राह्यली."

या सगळ्याला मी पोट धरून हसायचो. माझी सोयरीक वडशाला ठरली आणि माझं हसू पळालं. मुलगी मला फार, म्हणजे फारच आवडली होती. तिने पहिल्याच फोनवर सरळ सांगितलं, "माझं कार्ड पिवळं हाय. तुमचं?" मी म्हणालो, "पांढरं." माझं पिवळं होतं. कपाटात जुन्या पँटच्या घडीत ते दडवून ठेवलं होतं. पण तपासणीच्या शिबिरात कार्डांवर नावं लिहायला बसली होती आमची ताईच.

साक्षगंधाच्या सकाळी तिला मी आतल्या खोलीत गाठलं. दवाखान्यातून येऊन तिला दोनच दिवस झाले होते. हातावर सुईची निळी खूण होती. "ताई, हात जोडतो. आज तोंड उघडू नको." "नाई उघडत. तू उघडजो," म्हणाली आणि बाहेर गेली.

मांडवात ती अगदी माझ्या समोर बसली. नवी साडी, गळ्यात लाल कार्ड. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, लाडू फिरले. ताई गप्प. आयुष्यात पहिल्यांदा गप्प! पाहुणेमंडळी खूश, आमचे बाबा खूश, आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून माझा जीव टांगणीला. तिने एकदाचं बोलून टाकलं असतं, तर सुटलो असतो. कोणीतरी माझ्या हातात अंगठी दिली. मुलीने हात पुढे केला. मी समोर पाहिलं. ताईच्या एका हातात लाडू तसाच होता, आणि दुसऱ्या हाताने ती आपला गुडघा दाबत होती. ओठ घट्ट मिटून, कुणाला दिसू नये अशा बेताने.

"थांबा," मी म्हणालो. "माझं कार्ड पिवळं आहे."

पुढे जो गोंधळ व्हायचा तो झाला. मुलीचे वडील ताडकन उठले, बाबांनी मला नको नको ते सुनावलं. मुलगी रडत होती. जाताना एवढंच म्हणाली, "फोनवरच सांगाचं होतं न." तिचं खरं होतं. गावाने मात्र नेहमीप्रमाणे ताईलाच धरलं. ही समोर बसली, म्हणून मोडलं! तिने ते ऐकून घेतलं आणि लाडू संपवला.

मांडव रिकामा झाल्यावर मी तिच्यावर चिडलो. "साऱ्या दुनियेला विचारतेस, आजच काऊन गप्प बसलीस?"

"मी बोलली असती, तं तू दहा वर्षं माझ्याशी बोलला नसता," ती म्हणाली. "मले दहा वर्षं कुठी हायेत बाबू?"

पुढच्याच थंडीत ती गेली. तिशीही गाठली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. इतकी बडबड एकाएकी थांबते, तेव्हा काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या महिन्यात समोरच्या काकूंकडे धाकटीला पाहायला पाहुणे आले. पोह्यांचा वास आला आणि मी आपला ताईची वाटी घेऊन निघालो. तिच्यासारखं हसत विचारणं मला जमणार नव्हतं. पण दाराला आतून कडी लावलेली नव्हती. काकू म्हणाल्या, "ये बाबू. ते असती तं कवाचीच आली असती." आत पोह्यांच्या ताटाशेजारी दोन कार्डं उघडी मांडून ठेवली होती, मुलाचं आणि मुलीचं. मला काही विचारावंच लागलं नाही. काकूंनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि न मागताच काठोकाठ साखर भरून दिली. ती मी घरी आणली. अजून तशीच आहे.