शशिकलाबाईंचं वाण

पिपलानीच्या क्वार्टरांत, हिंदी मुलखातल्या त्या कारखान्याच्या वसाहतीत, ज्या बाईचं वाण भारी ती बाई मोठी, आणि या हिशेबानं शशिकलाबाई सगळ्यांत मोठ्या. नवरा इंजिनिअर, पण घुमा. लेक नागपूरला, आईकडे फारशी न फिरकणारी. उरलं संक्रांतीचं हळदीकुंकू. त्या एका संध्याकाळच्या जोरावर त्या वर्षभर ताठ मानेनं भाजी घेत.

यंदा त्यांनी कमालच केली. पाणी शुद्ध करायची मशीनं विकणाऱ्या कंपनीकडून काचेच्या बरण्या फुकटात मिळवल्या आणि बदल्यात कंपनीच्या दिलीपला टॅब घेऊन दारात उभं राहू दिलं. बाई कुंकू लावून घेई, नंबर सांगे, आलेला ओटीपी वाचून दाखवी, मग बरणी. "नुसती नावं लिहून घेतायत हो," शशिकलाबाई म्हणत. वाण नाकारायचं नसतं, हे कंपनीला ठाऊक नसेल. शशिकलाबाईंना होतं.

लगेच फोन सुरू झाले. मशीन, कर्ज, प्लॉट, गुडघ्याचं तेल. बायकांनी बोटं मोडली आणि बरण्यांत तूरडाळ भरली. पण लीलावतीबाईंचा मुलगा सीमेवर. अनोळखी नंबर दिसला की त्यांच्या तोंडचं पाणी पळे, आणि तिकडून कुणीतरी लाडिक आवाजात सुलभ हप्ते समजावू लागे.

शेवटी वसाहतीतलीच विजया शशिकलाबाईंकडे गेली. ती महाराणा प्रताप नगरात एका वकिलाच्या ऑफिसात कारकून होती.

"काकू, लोकांची खासगी माहिती जपायचा नवा कायदा झालाय. टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. नंबर कशाला हवा ते आधी सांगायचं, आणि माणसानं आपणहून हो म्हटलं तरच घ्यायचा. दिलेला होकार मागंही घेता येतो."

"मग घ्या की! मी काय कुणाचा हात धरला होता?"

"एका हातात बरणी होती ना तुमच्या."

दिलीपला बोलावलं. तो भांडला नाही. "आंटी, हमारे यहाँ से तो आज ही हटा दूँगा. पर नंबर आगे दूसरी कंपनियों को भी गए हैं. वहाँ से हटवाने के लिए आप लिखकर दे दीजिए कि नंबर किसलिए हैं, किसी को बताया नहीं था. अभी तो कंपनी के फॉर्म पर आपके साइन हैं कि सबको समझा दिया."

शशिकलाबाईंनी पदर सारखा केला. "म्हणजे मी खोटी ठरायचं? साऱ्या वसाहतीत?"

"लीलावतीकाकूंना रात्र-रात्र झोप लागत नाही."

"त्यांना सांग, फोन बंद ठेवा."

"आणि मुलाचा आला तर?"

शशिकलाबाई तिळगुळाचा डबा आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. विजया वाट पाहून निघून गेली.

दिलीप थांबला होता. "आंटी, अगले साल कुकर दिलवा दूँ?"

त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"तीन लिटरचा की पाचचा?"