कपाटाचं दार

औषधांची गाडी चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे 'बघतोच' म्हणत. "हे काही जमायचं नाही," असं कोणी म्हटलं, की तो मान खाली घालून एवढंच बोलायचा, "बघतोच."

खिंडीपलीकडच्या शेवटच्या गावातली अकरा म्हातारी माणसं त्याच्या औषधांवर होती. दर गुरुवारी तो तिथे जायचा. त्या गावात फोन लागत नसे. मागच्या महिन्यात गाडी तिथेच बंद पडली आणि दोन दिवस तो आहे कुठे, हे डेपोत कोणालाच कळलं नाही. मग व्यवस्थापकांनी निक्षून सांगितलं, "येत्या गुरुवारी तिथून गाडीतल्या बिनतारी सीबी रेडिओवर तुमचा आवाज आला पाहिजे. नाही आला, तर ती फेरी बंद."

डेपोतल्या रेडिओवर त्याची वहिनीच बसायची. खिंड ओलांडली, की तिला नुसती खरखर ऐकू यायची. "भाऊजी, बोलताय की गुळण्या करताय?" ती विचारायची.

त्याने काय कमी खटपट केली होती? एकापेक्षा एक लांब अशा तीन अँटेना बदलून झाल्या. तिसरी पाहून वहिनी म्हणाली, "आता गळ लावा आणि मासे पकडा." आवाजाचा पल्ला मात्र वाढला नाही. अँटेनाच्या बुडाशी चांगलं जाडजूड लोहचुंबक होतं, पण ते गाडीच्या टपावर ठरतच नसे. वळण आलं की घसरे. चुंबकात दम नाही, असं म्हणून त्याने ते दोरीने करकचून बांधून टाकलं होतं.

सोमवारी संध्याकाळी पुसायला म्हणून त्याने अँटेना घरात आणली. लोखंडी कपाटाजवळून जाताना चुंबकाने हातातून उडी मारली आणि ते खाडकन दाराला चिकटलं. तो दोन्ही हातांनी ओढू लागला.

"अहो, कपाटाशी कसली कुस्ती चाललीय?" बायको आतून ओरडली.

तो तसाच बाहेर गेला आणि टपावर टिचक्या मारून आला. टप फायबरचा होता! अँटेनाखाली रुंद लोखंड हवं, हे रेडिओ मेकॅनिकने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाडी लोखंडाची, म्हणजे टपही लोखंडाचाच, असं धरून याने मान डोलावली होती. दोन वर्षं ते चुंबक घसरून घसरून सांगत होतं आणि हा दोरीने त्याचं तोंड बांधत होता.

तो कपाटाकडे बघत राहिला. बायकोने ती नजर ओळखली.

"नाही म्हणजे नाही."

"गुरुवारपुरतंच गं."

"आणि कपडे काय वाऱ्यावर टाकू?"

"पडदा लावतो."

तिने दारावरच्या आरशावरून पदर फिरवला. "आरसा आधी काढून घ्या. तो फुटला तर तुमचं काही खरं नाही."

पुढचे दोन दिवस तो टपावरच होता. कपाटाचं दार त्याने तिथे बोल्टांनी आवळलं. सांध्यांवरचा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडला आणि तांब्याच्या जाड पट्टीने दार गाडीच्या सांगाड्याला जोडलं. मेकॅनिककडून मीटर मागून आणला आणि अँटेनाची कांडी थोडी थोडी खाली-वर करत राहिला. काटा जितका खाली, तितकी अँटेना चांगली; तिनाच्याही वर असलेला काटा दीडवर आला, तेव्हाच तो खाली उतरला.

गुरुवारी शेवटच्या गावात, नेहमीच्या जागी सिमेंटच्या टाकीमागे गाडी उभी करून त्याने हाक दिली. खरखर. पुन्हा हाक दिली. खरखरच.

"राहू दे रे बाबा," औषधांसाठी लागलेल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "पुढच्या खेपेला बघ."

पुढची खेप नाही, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. "बघतोच," म्हणून त्याने गाडी टाकीच्या आडून काढली आणि उताराच्या कडेला, उघड्यावर नेऊन लावली. पुन्हा बटण दाबलं आणि घसा ताणून हाक मारली.

"अहो, ऐकतेय!" वहिनीचा आवाज खणखणीत आला. "केवढ्यांदा ओरडता! साहेब शेजारीच उभे आहेत, दचकले की. फेरी चालू ठेवा म्हणतात."

त्याने खिडकीतून हात काढून टपावर थाप मारली.

"आणि भाऊजी, आमची धाकटी जाऊबाई पण इथेच येऊन बसलीय. विचारतेय, दार परत कधी मिळणार?"

त्याने रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, मग टपाकडे.

"तिला विचारा," तो म्हणाला, "पडदा कुठल्या रंगाचा हवा?"