हात माह्याजवळ सोडा

सेलूच्या मालिशवाल्याकडे मी पोटभर पोहे खाऊन गेलो, ही पहिली चूक. पंधरा दिवस खांदा आखडला होता, शर्टसुद्धा बायको घालून देई, आणि रविवारी पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायला हात वर जाणं भाग होतं.

म्हाताऱ्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं. "जेवून आले काय? मंग बसा घंटाभर."

तेवढ्या वेळात त्यानं तिळाच्या तेलाची वाटी उन्हात ठेवली आणि स्वतःचे तळवे एकमेकांवर घासत बसला. थंड हात कुणाला लावायचा नाही, हा त्याचा नेम.

मालिश सुरू झाली. तो माझा हात उचलायला गेला, की मी शहाण्यासारखा आधीच उचलून देई. तिसऱ्यांदा तो थांबला.

"साहेब, तुम्ही काऊन मदत करून राह्यले? हात माह्याजवळ सोडा. मी पाडत नाई."

मी सोडला. काही वेळानं तोच हात त्याच्या हातातून अलगद माझ्या कानाच्या वर गेला. म्हातारा माझ्याहून जास्त हसला.

घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "तीस वर्षांत मले कधी भाजी निवडू लागले नाई, अन् त्याले मदत कराले गेलते?"