बोंब मारणारा भटू आणि लूम नंबर नऊ

आमच्या बँडची कॅसेट कधीच निघाली नाही. किस्से मात्र इतके निघाले, की आजही हितेश, भटू आणि मी चहाला बसलो की हितेशची बायको दुसऱ्यांदा आधण ठेवते, आणि तोही चहा गारच होतो.

नव्वदच्या दशकातली सुरत. 'आमचा रॉक बँड आहे' म्हटलं की लोक विचारायचे, "नवरदेवाची घोडी तुमचीच, की वेगळी सांगायची?"

भटू गायचा, मी बेस गिटार, हितेश ड्रमवर.

* * *

पहिली प्रॅक्टिस आमच्या फ्लॅटवर झाली. बाबा बँकेत, सोसायटी सगळी नोकरदारांची. अर्ध्या तासात सेक्रेटरी दारात!

मग हितेशच्या काकांनी गोडादऱ्यातल्या त्यांच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, एक कोपरा दिला. तिथला नऊ नंबरचा लूम विकला गेला होता, म्हणून जागा रिकामी. बँडचं नावही तेच पडलं. बाकीचे लूम धडाधड चालू, त्यामुळे कितीही ठोका, तक्रार करणार कोण? भटूचे वडील, नाना, मूळचे खानदेशातले, तिथेच आमच्या समोरच्या लूमवर कारागीर होते.

तीन महिन्यांनी एका कॉलेजच्या शांत हॉलमध्ये निवडफेरीला उभे राहिलो. पहिल्याच मिनिटात कळलं, की मी एक गाणं वाजवतोय आणि हितेश दुसरंच!

"तीन महिने तू हेच वाजवत होतास?" मी किंचाळलो.

"मला काय खबर, यार? तू मान हलवत होतास, मने लाग्युं बराबर छे!"

परीक्षकांनी आम्हाला 'प्रयोगशील' म्हणून पुढच्या फेरीत घेतलं.

* * *

रॉकस्टार म्हणजे काळे कपडे. पण फुकट कापड फक्त हितेशच्या काकांच्या पर्वत पाटियाच्या दुकानातून, आणि तिथे साड्यांखेरीज चिंधी मिळत नव्हती. शेवटी मोरपंखी रंगावर गुलाबी फुलं, अशा एकाच साडीतून तिघांचे शर्ट शिवले.

त्या शोनंतर आम्हाला पहिल्यांदा गराडा पडला. पंधरा-वीस बायका! भटूची छाती फुगली. एका मावशींनी त्याची कॉलर चिमटीत धरली, कापड चोळून पाहिलं आणि विचारलं, "भाई, यात जांभळा रंग येतो का?"

* * *

नवरात्रात एका सोसायटीने आम्हाला गरब्याला बोलावलं. भटूला वाटलं, हीच संधी, आणि त्याने मध्येच आपलं रॉक गाणं घुसवलं. सुरतेच्या लोकांना त्याचं काय! ते कशावरही गरबा करतात. भटूने जीव तोडून किंकाळी फोडली, तर अख्खा गोल उलटा फिरायला लागला. दुसरी किंकाळी, गोल पुन्हा सुलटा. त्यांना वाटलं, हा इशाराच आहे!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीचा माणूस दारात. "बाकीचे नाही आले तरी चालेल. त्या बोंब मारवावाळा भाईला पाठवा!"

* * *

हे सगळं चाललं होतं, पण भटूच्या डोक्यात एकच होतं. नानांनी एकदा तरी समोर बसून आपलं गाणं ऐकावं. नानांचं उत्तर ठरलेलं. "बारा घंटा खटखट ऐकस मी. सुट्टीना दिन बी तीच ऐकू का?"

वर त्यांनी अक्षय्य तृतीयेची मुदत घातली. "आखाजीपावत कर काय करनं ते. मंग लूमवर उभा ऱ्हाय!"

भटू हसून सांगायचा हे. पण त्या महिन्यात त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं, आणि मला त्याच्या आधी रडू यायचं.

* * *

आखाजी उजाडली. डिंडोलीच्या त्यांच्या सोसायटीने संध्याकाळी पाचला कार्यक्रम ठेवला होता. आमरस-पुरी हाणून सगळा खानदेश मांडवात पेंगत बसलेला. मंडळाच्या अध्यक्षांनी नानांना हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं.

भटूने स्वतः लिहिलेलं, खात्यात रोज घोटलेलं अहिराणी रॉक गाणं सुरू केलं. पहिलं कडवं होतंय न होतंय, तोच लाईट गेली! माईक मेला, गिटार मेली. शिट्ट्या, पोरांचा कालवा, बायकांच्या गप्पा. हितेशने काठ्या खाली ठेवल्या, मीही थांबलो.

भटू थांबला नाही. तो गातच राहिला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

नाना मात्र पापणी न हलवता भटूच्या ओठांकडे बघत होते. लूमवर आयुष्य गेलेली माणसं आपसात तशीच बोलतात, ओठ वाचून. त्या गोंगाटात दुसरा इलाज नसतो.

गाणं संपलं. टाळी एकही नाही, संपलंय हे कळलं कुणाला! नाना उठले आणि सावकाश स्टेजपाशी आले. भटू घामाने निथळत उभा.

"तिसरा कडवामा तू रोज 'माय' म्हनस," नाना म्हणाले. "आज 'बाप' कसा म्हन्ना रे?"