एकशे बाराचा आकडा

यंत्रावर एकशे बारा उमटले होते आणि बाळ थरथरत होते. दोन्ही गोष्टींचा मेळ लागत नव्हता.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या विभागात, मी तेव्हा असिस्टंट डॉक्टर होते. बाळ पुण्याहून आलेल्या एका मोटार-इंजिनिअरचे. वय तीन तास, वजन चार किलो सातशे. त्याची आई मानसी गरोदरपणाआधीपासूनच बरीच स्थूल होती. अशा वेळी, मधुमेह नसला तरीही, पोटातल्या बाळाला जास्त साखर पोहोचू शकते. ती जिरवण्यासाठी बाळ अधिक इन्शुलिन तयार करते. नाळ कापली की साखर थांबते. इन्शुलिन मात्र काम करीत राहते. रक्तातली साखर कोसळते. ती फार खाली गेली तर मेंदूला इजा होते.

म्हणून टाचेला टोचून थेंबभर रक्तातली साखर यंत्रावर तपासतात. पहिला आकडा चाळीस आला; निदान पंचेचाळीस हवा होता. दूध पाजले, तासाने पुन्हा तपासले, तर हे एकशे बारा.

एवढ्याशा दुधाने? मी त्याच टाचेतून पुन्हा रक्त घेतले. एकशे सात.

श्वेस्टर हिल्डे, आमची जुनी नर्स, बाळाच्या थरथरत्या हनुवटीकडे पाहत म्हणाली, "यंत्र कालच तपासलंय. पण मी बाळावर विश्वास ठेवीन."

मला कोणावर ठेवावा, ते कळेना.

"आकडा चांगला आला ना?" मानसीच्या सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मग कशाला सारखं टोचतेस गं? गुटगुटीत बाळ तुमच्या जर्मन लोकांना बघवत नाही वाटतं."

मी टाच तळहातावर घेतली. गार होती, आणि किंचित चिकट. वाकले, तेव्हा स्पिरिटच्या उग्र वासाखालून जांभळाच्या मधाचा तुरट-गोड दरवळ आला.

"काकू, मध चाटवलात?"

त्यांनी अंगठीचे बोट मुठीत मिटले.

"अहो आई, दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टर म्हणाले होते ना," मानसी म्हणाली.

"सोन्याच्या अंगठीनं, नखभर. पहिल्या दिवशी चाटवतातच आपल्यात. मग पाय गार लागले, म्हणून त्याच हातानं चोळले."

दुसरी टाचही चिकटच होती. ती कोमट पाण्याने धुतली, कोरडी केली, टोचली. सव्वीस.

पुढच्या काही मिनिटांत ग्लुकोजचे सलाईन सुरू झाले. दुपारपर्यंत हनुवटी स्थिरावली. संध्याकाळी चौसष्ट आले, धुतलेल्या टाचेवर. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंपासून धोका असतो, हेही मी काकूंना सांगितले. त्यांनी मधाची बाटली पिशवीत ठेवली.

"माझ्या वजनामुळे झालं का हे?" मानसीने विचारले.

वजन हे एक कारण असावे, गुन्हा नव्हे, असे मी म्हणाले. काकू बाळाकडे पाहत होत्या. "आणि मी म्हणत होते, दोन जिवांची आहेस, अजून एक लाडू घे."

सहाव्या दिवशी बाळ घरी गेले. मेंदूच्या तपासणीत काही दोष आढळला नाही.

स्पिरिटने जंतू मरतात, मध निघत नाही; त्याची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा फुगतो. तेव्हापासून मी टाच आधी पाण्याने धुते, आणि आकडा चांगला आला तरी बाळाकडे एकदा पाहते.