स्वेच्छेने सोडलेली शाळा

जर्मनीत हायडेलबर्गला शिकत असताना मला एका प्राध्यापकबाईंकडे सहायकाचं काम मिळालं. जवळच्या शहरात सरकारी अनुदानावर चालणारी एक खासगी शाळा होती, तिच्या निकालांचं मूल्यमापन करायचं होतं. वस्ती गरीब, तरी आबिटूरला, म्हणजे तिथल्या शेवटच्या परीक्षेला, कोणी नापास नाही. मला बरं वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

मग वर्गांच्या याद्या जुळवायला बसले. दरवर्षी दहावीनंतर यादी आखूड व्हायची. गळालेल्यांपुढे शेरा एकच: 'स्वेच्छेने शाळा सोडली.'

गावातल्या आमच्या शाळेचा निकालही शंभर टक्के लागायचा. कच्च्या मुलांना नववीनंतर दाखला देऊन सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचे, म्हणजे ती बाहेरून परीक्षेला बसणार आणि शाळेच्या निकालात धरली जाणार नाहीत. ताईलाही लावला. आबांनी न वाचताच सही केली, कारण वाचता येत नव्हतं. ताई परीक्षेला बसलीच नाही.

बुधवारी मुलाखतींसाठी शाळेत गेले. सगळे गेल्यावर दहावीतली एक मुलगी मागे थांबली. तिनं दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. शाळा सोडण्याचा अर्ज, शाळेनंच टाइप केलेला. फक्त सहीची जागा मोकळी.

"शुक्रवारपर्यंत आईची सही मागितलीय," ती म्हणाली. "तिला जर्मन वाचता येत नाही. मला जायचं नाहीये. नाही दिला तर चालेल का?"

मला वाटतं, चालेल म्हणायला हवं होतं. पण मी कोण सांगणारी? "थांब, विचारून सांगते," म्हटलं.

प्राध्यापकबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघ, आपण परीक्षेला बसलेल्यांचे निकाल तपासतोय. तुझी शंका लिहून ठेव, सोमवारच्या बैठकीत बघू."

गुरुवारी ताईला फोन केला. सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस तिला?"

"विचारून सांगते म्हटलं."

"आमचे सरही तेच म्हणायचे," ताई म्हणाली. मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं शाळेत गेले. वर्गात ती नव्हती. तिच्या बाकावर दुसऱ्या कुणाचं जॅकेट होतं. कार्यालयातल्या बाई हसून म्हणाल्या, "बरं झालं आलात. दहावीची नवी यादी तयार आहे."

मी उभ्या उभ्याच मोजली. एक ओळ कमी होती.