दत्तूच्या कानांबद्दल कोणी बोललं नाही

बार्शीला भाचीच्या साखरपुड्यात होते, तेव्हा गॅरेजातून फोन आला. "आक्का, उस्तादांच्या अंगावर जीप आली. गेले ते." उस्ताद म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्तू. मोडनिंबला हायवेलगत त्याचं गॅरेज, मागच्या खोलीत मी. लोक म्हणाले, नशीब. दोन महिने झाले, अजून तेच म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, पण नशीब आणि हयगय यांतला फरक मला कळतो.

चिखलात, माळावर, चढावर पळवायच्या जीपगाड्यांची इंजिनं दत्तू जुळवून द्यायचा. अलीकडे हौशी लोक इंजिनाला सुपरचार्जर बसवून आणत. तो जादा हवा दाबून इंजिनात कोंबतो. मग त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल वाढवायचं आणि ठिणगी जरा उशिरा पाडायची. चुकलं, तर डब्यात खडे हलवावेत तशी बारीक टकटक येते. तरीही गाडी ताणली, तर पिस्टन फुटतो. दत्तू लॅपटॉप लावायचा, पण शेवटचा निकाल कानाचा. त्या कानासाठी पुण्याहून गाड्या यायच्या... आणि तो कान केव्हाच गेला होता.

मला कळलं ते एका फुटलेल्या पिस्टनवरून. गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं, पेट्रोलमध्ये भेसळ होती. मी आत भाकऱ्या थापत होते, मला टकटक ऐकू आली होती. तसं म्हटलं, तर म्हणाला, "आक्के, तू भाकरी बघ की." दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच बोलवायला आला. "हितं हुबी ऱ्हा. खडं वाजलं की पदर डोक्यावर घे. कुणाला बोलू नगंस."

मी उभी राहिले. पाच वर्षं. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारीला इंजिनाचं वेड आहे. मला त्या कामाचा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू. गॅरेजातल्या माणसांनाही ठाऊक होतं. पण उस्तादाला त्याचं उणं तोंडावर कोण सांगणार? तशी रीतच नाही.

कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की दत्तू उसळायचा. "कानात मशीन घालून बसलो, तर गाडी कोण आणंल? हात थरथरणाऱ्या न्हाव्यापुढं कोण मान देतंय व्हय?" मी हसले. दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.

बार्शीला निघताना म्हटलं होतं, मी येईपर्यंत थांब. थांबला नाही. मागच्या चढावर लावलेली जीप सुटली. चार माणसं जिवाच्या आकांतानं ओरडली. हा पाठमोरा, लॅपटॉपवर वाकलेला...

तेराव्याला आसपासचे मिस्त्री गाड्या घेऊन आले, रांगेत लावल्या आणि त्याच्या मानासाठी सगळ्यांनी मिळून इंजिनं गुरगुरवली. माझं डोकं फिरलं. बाहेर जाऊन ओरडले, "बंद करा ते! त्याला ऐकू येत न्हवतं. मला ठावं हुतं, तुमालाबी ठावं हुतं. आपुनच मारला त्याला."

सगळे माना खाली घालून उभे. एकटा टेंभुर्णीचा मिस्त्री, दत्तूच्याच वयाचा, डावा कान पुढं करून माझ्या ओठांकडं बघत जवळ आला. "काय म्हणलासा, आक्का?" दत्तू अगदी अशीच मान वाकडी करायचा.

बाकीचे त्याला खुणेनं गप्प करू लागले. मी रस्त्यापलीकडं जाईल अशा आवाजात म्हटलं, "तुमाला ऐकू येत न्हाय. उद्या सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं जायचं. मी संगं येतेय."

चारचौघांत अब्रू घेतली, म्हणाला. लालबुंद झाला. मला शिव्या दिल्या.

सकाळच्या एसटीत त्याला खिडकीकडं बसवलं आणि मी वाटेच्या बाजूला बसले, मधेच उतरू नये म्हणून.